स्क्वॉडमधली दोस्ती खेळाबाहेर कशी न्यायची?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होतं. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हरही बंद झाले. टीव्हीवर चर्चा झाली ती चीनची आणि डेटाची. खेळणाऱ्या पोरापोरींचं नुकसान मात्र वेगळंच होतं. लॉकडाऊनभर रोज रात्री ज्याच्याबरोबर खेळलो, त्या लातूरच्या किंवा इंदूरच्या दोस्ताचं खरं नाव काय, नंबर काय, हे कित्येकांनी कधी विचारलंच नव्हतं. ओळख आयडीवरून आणि बोलणंही आयडीवरूनच. आयडी गेला तसा माणूसही गेला.

पुढे हे पुन्हा पुन्हा घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झालं. जुलै २०२१ मध्ये आलेलं बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरून उतरवलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. उद्या आणखी काय होईल ते कंपनी आणि सरकार ठरवणार; तुम्हाआम्हाला कुणी विचारायला येणार नाही.

खेळात जमलेली दोस्ती खोटी नसते. ती नुसती सर्व्हरच्या भरवशावर ठेवली तर मात्र टिकत नाही. तिला खेळाबाहेर पत्ता लागतो. तो कुणाला द्यायचा, कसा द्यायचा, आणि स्क्वॉडच्या चौघांतला एक अडचणीत आला तर बाकीच्या तिघांनी काय करायचं, हे या लेखात पाहू.

तिठा आता फोनवर भरतो

उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातलं एक गाव घेऊ. मुंबईहून महामार्गाने येताना कणकवलीच्या अलीकडे नांदगाव लागतं. तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो, आणि कोकण रेल्वेचं स्थानक ‘नांदगाव रोड’ या नावाने आहे. महामार्गही जवळ, रेल्वेही जवळ; बाहेर पडायची सवय इथे जुनीच. बारावी झाली की एक कणकवलीत कॉलेजला, एक गोव्याला कंपनीत, एक मुंबईला मामाकडे आणि एक घरीच, आंब्याच्या बागेत. पूर्वी अशा चौघांची गाठ पडायची ती गणपतीत, नाहीतर शिमग्याला. आता रात्रीची जेवणं उरकली की चौघे लॉबीत हजर.

मॅच लागण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बागेतला मोहोर गळला, गोव्यातल्या कंपनीत ओव्हरटाइम मिळतो की नाही, सगळं बोलून होतं. खेळ अर्धा, गजाली अर्ध्या. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये अशा जागांवर पुस्तक लिहिलं, जिथे माणूस घर आणि काम सोडून नुसता चार माणसांत बसायला जातो. २००६ मध्ये कॉन्स्टन्स स्टाइनकुलर आणि दिमित्री विल्यम्स या अभ्यासकांनी अशा जागांची कसोटी ऑनलाइन खेळांना लावली आणि हे खेळ तिला बऱ्याच अंशी उतरतात, असं दाखवलं. नांदगावकराला हे वेगळं सांगायला नको. तिठ्यावर चहाच्या टपरीपाशी जे चालतं तेच लॉबीत चालतं. तिठ्यावर मात्र एखादा चार दिवस आला नाही की कुणीतरी विचारतंच, “खंय गेलो तो? दिसूक नाय.” तुमच्या लॉबीत असं विचारणारं कुणी आहे का? नसेल, तर तिथून सुरुवात करा.

खेळात जमतं, बाहेर अडतं

बीजीएमआयसारख्या खेळात गोळी लागली की खेळाडू लगेच मरत नाही, ‘नॉक’ होतो. रांगता येतं, बंदूक चालवता येत नाही, आणि जिवाची पट्टी हळूहळू उतरत जाते. वाचायचं तर साथीदाराने जवळ यायला हवं, शेजारी वाकायला हवं आणि रिवाइव्ह पूर्ण होईपर्यंत जागचं हलायचं नाही. तेवढे सेकंद त्याचाही जीव उघड्यावर. म्हणून जाणते खेळाडू कामं वाटून घेतात. एक स्मोक टाकतो, दुसरा कव्हर देतो, तिसरा उचलतो. “माका रिवाइव्ह दी रे, हंयसर घराच्या पाठी पडलंय!” ही हाक ऐकून हातातली लूट टाकून धावणारा कोण आणि “थांब जरा” म्हणत पुढे सटकणारा कोण, हे चार मॅचमध्ये कळून चुकतं.

या हाकेत दोन गोष्टी आहेत. पडलेला स्वतः हाक मारतो, आणि कुठे पडलोय ते सांगतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. हाच मुलगा परीक्षेत नापास झाला, नोकरीवरून काढला गेला, घरी कर्जाची कटकट सुरू झाली, की गप्प बसतो. बाकीच्यांना वाटतं, आज याचा मूड नाही. खेळाबाहेरची मैत्री म्हणजे मुख्यतः या दोन सवयी लावून घेणं: वेळेवर हाक मारायची आणि नेमकं काय झालंय ते सांगायचं.

ओळख कोणती, दोस्ती कोणती

फ्रेंड लिस्टमध्ये दीडशे नावं असली तरी ती सगळी सारखी नसतात. तीन पायऱ्या करून पाहा.

पहिली, ओळखीचे खेळाडू. रँडम स्क्वॉडमध्ये भेटले, चांगले खेळले, जोडले गेले. अशी ओळख वाया जात नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं की नोकरीची बातमी अनेकदा जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते, कारण जिवलगाला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. पुण्याच्या खेळाडूने सहज सांगितलं की त्याच्या कंपनीत आयटीआयवाले घेताहेत, तर नांदगावच्या मुलाला ती बातमी वाडीतून कळली नसती.

दुसरी, खेळातले दोस्त. ठरल्या वेळी येतात, तुमचा आवाज ओळखतात, हरलात तरी खापर फोडत नाहीत. यांच्याशी बोलून मन हलकं होतं.

तिसरी, खेळाबाहेरचे दोस्त. तुम्ही न खेळलात त्या दिवशीही ते विचारपूस करतात. स्टाइनकुलर आणि विल्यम्स यांनाही हेच आढळलं होतं: या खेळांतून ओळखीपाळखी भरपूर वाढतात, मनाचा खोल आधार मात्र आपोआप मिळत नाही. दुसरीवरून तिसरीवर जायला मुद्दाम पाऊल टाकावं लागतं.

खेळातच दोघांमधली जवळीक दाखवणारे सिनर्जीचे गुण मिळतात. रोज एकत्र खेळलं की ते वाढतात. त्यावर जाऊ नका. महिनाभर गुण न वाढवताही जो फोन करतो, त्याचं नाव तिसऱ्या पायरीवर लिहा. अशी दोन-तीन नावं असली तरी पुष्कळ झाली.

मॅट्स स्टीनने काय दिलं, काय राखून ठेवलं

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनला स्नायू झिजत जाणारा ड्युशेन हा आजार होता. तो व्हीलचेअरवर असायचा आणि शेवटच्या वर्षांत दिवसाचा मोठा भाग ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळण्यात जायचा. मुलाच्या वाट्याला मैत्री आलीच नाही, या दुःखात आईवडील होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ऑनलाइन पानावर बातमी टाकली, आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. खेळात ‘इबेलिन’ नावाने वावरणारा मॅट्स कितीतरी जणांच्या अडचणीत उभा राहिला होता. एका मुलीचा कॉम्प्युटर तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्यांना समजावणारं पत्र लिहिलं होतं. आपल्या मुलाशी संवाद तुटलेल्या एका आईला त्याने सुचवलं होतं की मुलाशी खेळातच बोलून बघ. त्याच्या अंत्यविधीला गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या गटातले, काही दोस्त परदेशांतून ओस्लोला आले. त्याच्या आयुष्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वेळा गळतो. मॅट्सने आपला आजार या दोस्तांपासून वर्षानुवर्षं लपवला होता. दुसऱ्यांना उचलायला तो धावत होता. स्वतः हाक मारायला मात्र त्याला फार उशीर झाला. ज्यांनी त्याला जपलं असतं, त्यांना जपायची संधी थोडीच मिळाली. तुमच्या स्क्वॉडमध्येही सगळ्यांची विचारपूस करणारा, कुणी भांडलं तर मिटवणारा एखादा असतोच. “तुझं काय चाललंय?” हे त्याला कुणी विचारलंय का, ते आठवून बघा.

पत्ता कसा द्यायचा

आधी गावातल्या, शाळेपासूनच्या दोस्तांचं बघू. इथे अनोळखीपणाचा प्रश्न नाही, आळसाचा आहे. रोज लॉबीत भेटतो म्हणून कुणी वेगळा फोन करत नाही.

१. चौघांचा खेळाबाहेर एक ग्रुप ठेवा. त्यात रँकचे स्क्रीनशॉट कमी आणि बाकीचं जास्त असू द्या.

२. प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचा नंबर बाकीच्या तिघांना द्यायचा: आई, भाऊ, मुंबईला असाल तर खोलीतला जोडीदार. त्या घरच्या माणसालाही सांगून ठेवा की हे तिघे कोण. अडीअडचणीला हाच नंबर कामी येतो.

३. आठवड्यातून एक फोन खेळाविना. पाच मिनिटांचा पुरे. सुरुवातीला अवघड वाटेल, कारण बोलायला बंदुका आणि मॅप नसतात. दोन-तीन वेळा केलं की जमतं.

४. रेंज आणि लाइट यांचा नियम आधीच ठरवा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकण्यासाठी कणकवली तालुक्यातल्या एका मुलीला रेंज मिळेल अशा डोंगरावर झोपडी उभारावी लागली होती. जून ते सप्टेंबरात सिंधुदुर्गात मॅचच्या मधोमध लाइट गेली तर त्यात कुणाचा दोष नसतो. मधूनच गळालेल्याला शिव्या घालायच्या नाहीत. मॅच संपली की एकाने साधा फोन लावून बघायचा. बहुतेक वेळा उत्तर “लाइट गेली” एवढंच असेल, पण फोन आल्याचं त्याच्या लक्षात राहील.

५. गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा चौघांनी एक संध्याकाळ राखून ठेवा. फोन खिशात. आरत्या आणि भजनं फिरत असतात, घरोघरी जाणं होतंच. एकमेकांच्या घरी जा, आईवडिलांना तोंड दाखवा. ज्याच्या घरी चहा प्यायलाय, त्याच्या घरी अडचणीच्या वेळी फोन करताना संकोच वाटत नाही.

आता खेळातच भेटलेल्या, कधी न पाहिलेल्या दोस्तांचं. इथे घाई नको. आधी काही आठवडे फक्त खेळातलं बोलणं. मग आवाजावरचं बोलणं. मग व्हिडिओ कॉल, म्हणजे समोरचा सांगतो तेवढ्या वयाचा आहे की नाही ते दिसतं. खरं नाव, गाव आणि काम सांगायचं ते यानंतर, आणि दोघांनीही सांगायचं. एकच बाजू सगळं सांगत असेल आणि दुसरी नुसती विचारत असेल, तर तिथे थांबा. भेटायचं ठरलं तर दिवसा, कणकवली स्टँडसारख्या वर्दळीच्या ठिकाणी, एखादा मित्र बरोबर घेऊन आणि घरी सांगून. वय अठराच्या आत असेल तर घरच्या मोठ्या माणसाशिवाय भेट नाही. “घरी सांगू नको” असं जो म्हणतो, त्याच्याशी दोस्ती तिथेच संपवा. फोटो मागून नंतर धमकावणाऱ्यांची पहिली अट बहुतेक वेळा हीच असते. असा प्रकार घडलाच तर घाबरून पैसे देऊ नका आणि चॅट पुसू नका. घरच्यांना घेऊन पोलिसांकडे जा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

दोस्त पडलाय हे कसं ओळखायचं

रोज एकत्र खेळणाऱ्याला दोस्ताच्या सवयी घरच्यांइतक्याच माहीत असतात, कधी जास्तही. त्यामुळे बदल पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येऊ शकतो. अकरा वाजता निघणारा पहाटे चारलाही ऑनलाइन दिसतो. कायम बडबडणारा माइक बंद ठेवतो. साध्या चुकीवर भडकतो किंवा हरल्यावर काहीच बोलत नाही. “माझा काय उपयोग”, “मी नसलो तरी चालेल” असं हसत हसत बोलतो. वर्षभर जमवलेल्या स्किन्सचा आयडी फुकट देऊन टाकतो म्हणतो. यातलं एखादं लक्षण कधीतरी प्रत्येकातच दिसतं. दोन-तीन एकत्र आणि आठवडाभर दिसली तर बोला.

सगळ्यांसमोर, माइकवर विचारू नका. मॅच संपल्यावर एकट्याला फोन करा. प्रश्न साधा आणि नेमका ठेवा: “चार दिवस तू पहाटेपर्यंत जागा असतोस, बोलतही नाहीस. काय झालंय?” मग गप्प राहा. मध्ये आलेल्या शांततेला घाबरू नका. “टेन्शन नको घेऊस”, “एवढंच ना?”, “माझं तर याहून वाईट झालं होतं” ही तीन वाक्यं टाळा. त्यांनी समोरच्याचं तोंड बंद होतं. उपाय सुचवायची घाई नको; आधी विचारा, “मी काय करू म्हणजे तुला बरं पडेल?” कुणाला नुसतं ऐकणारा हवा असतो, कुणाला फीसाठी कुठे अर्ज करायचा ते हवं असतं, कुणाला वडिलांशी बोलायला बरोबर कुणीतरी हवं असतं.

मग कामं वाटून घ्या, खेळात घेता तशीच. गावातला दोस्त घरी जाऊन भेटेल, गोव्यातला नोकरीची चौकशी करेल, मुंबईतला रोज रात्री एक फोन करेल. एकाच्याच खांद्यावर सगळं टाकलं तर महिन्याभरात तोही थकतो.

जीव देण्याची भाषा कुणी केली, गंमतीत केली तरी, सरळ विचारा: “जीव द्यायचं मनात येतं का?” असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, हा गैरसमज आहे. उत्तर हो आलं तर ती गोष्ट गुपित ठेवायची नाही, शपथ घातली तरीही नाही. त्याला बोलतं ठेवा, दुसऱ्याने घरच्या नंबरवर फोन करावा, धोका तातडीचा असेल तर ११२ लावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. स्वतःसाठी जसा फोन करता येतो, तसा दोस्ताबद्दल सल्ला विचारायलाही करता येतो. सिंधुदुर्गात पुढची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करता येईल.

पैसे, आयडी आणि ओटीपी

खेळातल्या दोस्त्या सर्वांत जास्त पैशांवरून तुटतात. तीन नियम पाळा.

आयडीचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, जिवलगालाही नाही. “रँक पुश करून देतो” म्हणून घेतलेले आयडी सहसा परत येत नाहीत, आणि आलेच तर भांडण घेऊन येतात. फुकट यूसी, म्हणजे खेळातलं चलन, देणाऱ्या लिंकवर जायचं नाही. ‘एकदा स्क्रीन शेअर कर’ म्हणणाऱ्याला नकार द्यायचा.

उसने पैसे द्यायचे तर बुडाले तरी चालतील एवढेच. कधी न पाहिलेल्या दोस्ताने आजारपणाचं कारण सांगून पैसे मागितले, तर आधी व्हिडिओ कॉल करा. खरा अडलेला राग धरणार नाही. पैसे गेलेच तर लाजून वेळ घालवू नका; लगेच १९३० वर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पैसे लावून खेळायचं आमंत्रण कुणाकडूनही आलं तरी नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा मंजूर केला. ई-स्पोर्ट्सला त्यात मान्यता आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी. चौघांनी मिळून स्पर्धेत उतरणं वेगळं आणि रमीच्या अ‍ॅपवर पगार लावणं वेगळं. दोस्त त्यात अडकला असेल तर त्याला पैसे देऊ नका. वेळ द्या आणि वर सांगितलेला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या.

लॉबीतली भाषा

रँडम स्क्वॉडमध्ये मुलीचा आवाज आला की काय काय ऐकू येतं, ते खेळणाऱ्या मुलींना विचारा. बऱ्याच जणी माइक बंदच ठेवतात किंवा मुलाच्या नावाचा आयडी घेतात. मग ज्या गप्पांमुळे दोस्ती होते, त्याच गप्पांतून त्या बाहेर राहतात. इथे स्क्वॉडमधल्या मुलांचं काम सोपं आहे. अशा माणसाला एकदा “भाषा सांभाळ” म्हणा, ऐकलं नाही तर म्यूट आणि रिपोर्ट. हे त्या मुलीने करायची वाट पाहू नका. एकाने तोंड उघडलं की बाकीचेही उघडतात.

आपापसातल्या शिव्यांचं काय? मालवणी माणसाच्या तोंडी प्रेमातही शिवी असते, हे खरं. पण ती बालपणापासूनच्या दोस्ताला शोभते. नागपूरच्या किंवा हैदराबादच्या मुलाला तिचा अर्थ तसा लागत नाही. आणि जो दोस्त आधीच खचलाय, त्याला त्या आठवड्यात तीही नको.

खेळ जास्त होतोय का?

आधार देणारी जागाच कधी कधी पळवाट बनते. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डरचा समावेश केला आहे. त्याची लक्षणं तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे सर्वसाधारणपणे वर्षभर चाललं आणि शिक्षण, काम, नाती कोलमडू लागली तरच त्याला आजार म्हणतात. सुट्टीत रात्री जागून खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. २०२३ मध्ये बीजीएमआय परत आलं तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा त्यात घातली गेली. दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे होते. कामाच्या दिवशी यातले अर्धेही फार होतात.

इथे स्क्वॉडचा उपयोग होतो. चौघांनी मिळून शेवटच्या मॅचची वेळ ठरवायची आणि “अजून एक, अजून एक” म्हणणाऱ्याला तिघांनी नाही म्हणायचं. एकट्याला खेळ सोडणं जड जातं; लॉबीच रिकामी झाली तर सोपं जातं. परीक्षेच्या काळात कुणी खेळ बंद केला तर त्याला ग्रुपमधून काढू नका. खेळ थांबवला तरी दोस्ती चालू राहते असा विश्वास असेल, तर थांबायची भीती वाटत नाही.

आईवडिलांसाठी थोडं

“दहा हाका मारल्या तरी उठत नाही” ही तक्रार घरोघरी आहे. यात एक अडचण समजून घ्या. ही मॅच मध्येच थांबवून ठेवता येत नाही. एक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि मध्येच उठलं तर बाकीचे तिघे अडकतात. पडद्यावर किती खेळाडू जिवंत आहेत तो आकडा दिसत असतो. “लगेच ठेव” म्हणण्याऐवजी विचारा, “किती उरले?” दहा उरले असतील तर पाच-सात मिनिटं द्या. नव्वद उरले असतील तर मॅच नुकतीच सुरू झाली आहे. जेवायची वेळ माहीत असून ती का लावली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरं, मुलाबरोबर कोण खेळतं त्यांची नावं माहीत करून घ्या. वर्गातल्या मित्रांची असतात तशी. चौकशीच्या सुरात विचाराल तर मूल गप्प होईल. जेवताना सहज विचाराल तर सांगेल. एखाद्या दिवशी शेजारी बसून एक मॅच बघा. कुणाच्या आवाजाने मुलाचा चेहरा खुलतो आणि कुणाच्या आवाजाने पडतो, एवढं नीट पाहिलं तरी पुष्कळ कळेल.

तिसरं, शिक्षा म्हणून फोन काढून घ्यायची वेळ आली तर आधी मुलाला दोस्तांना एक निरोप टाकू द्या. फोनबरोबर तुम्ही त्याचे तीन मित्रही काढून घेत असता. आणि त्या आठवड्यात तो आधीच कशाने तरी खचलेला असेल, तर त्याच्याकडे बोलायला तेवढेच असू शकतात.

आज रात्रीपुरतं

सगळं एकदम करायला जाऊ नका. आज लॉबीत चौघे जमलात की पहिली मॅच लावण्याआधी घरच्या माणसांचे चार नंबर एकमेकांना पाठवा आणि नावानिशी सेव्ह करा. ज्याचा नंबर आला नाही त्याला उद्या फोन करा. आणि गेल्या पंधरा दिवसांत जो आधी रोज यायचा पण हल्ली दिसत नाही, त्याला आजच लावा. त्याने उचलला नाही तर सकाळी पुन्हा लावा.